उजवीकडची नळी

१

डॉक्टरांनी आमचं नवं कोरं पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं, मधलं एक पान उघडलं आणि म्हणाले, "हे विमान नाही. हे खेळणं आहे."

मी अजून चहासुद्धा घेतला नव्हता. अशा वेळी कुणी कोडी घालायला लागलं की माझं डोकं फिरतं.

"डॉक्टर, आम्ही विमानांचीच पुस्तकं काढतो," मी म्हटलं. "खेळण्यांचं दुकान पलीकडच्या गल्लीत."

"मी थट्टा करत नाहीये," डॉक्टर म्हणाले. आणि खरंच करत नव्हते. त्यांचा चेहरा एखाद्या पेशंटला 'दाढ काढावी लागेल' सांगताना होत असेल तसा झाला होता.

डॉक्टर पेशानं दंतवैद्य. पण जीव सगळा मॉडेलमध्ये. शहरातल्या मॉडेल बनवणाऱ्यांच्या क्लबचे ते अध्यक्ष आहेत, आणि आमची पुस्तकं याच मंडळींसाठी निघतात. आमचं काम जरा चमत्कारिक आहे, ते आधीच सांगून टाकते. ही माणसं खोक्यातून प्लास्टिकचे तुकडे आणतात आणि हातावर मावेल एवढं लढाऊ जेट विमान बनवतात. बनवतात म्हणजे कसं, तर चाकाच्या खोबणीत कुठली तार कुठून कुठं जाते, कुठला रंग कुठं उडालाय, इथपर्यंत सगळं खऱ्यासारखं हवं. त्यासाठी त्यांना फोटो लागतात. आमच्या पुस्तकांत युद्धं नाहीत, पराक्रम नाहीत. दारांच्या बिजागऱ्या आहेत, खुर्चीची मागची बाजू आहे, चाकांच्या खोबणी आहेत. खुद्द वैमानिक उभ्या जन्मात जिथं डोकावला नसेल, त्या जागेचे आमच्याकडे चार-चार फोटो.

हे पुस्तक एका बुटक्या जेटवर होतं. वैमानिक त्याला लाडानं 'ठेंगू' म्हणायचे. सगळे ठेंगू कधीच भंगारात गेले. एक तेवढा एका बंद पडलेल्या धावपट्टीच्या कोपऱ्यात उभा होता. त्याचे फोटो काढून झाले आणि पाठोपाठ तोही कापला गेला. म्हणजे ठेंगूबद्दल आता शेवटचा शब्द आमच्या पुस्तकाचा.

"हे बघा." डॉक्टरांनी खिशातून भिंग काढून नाकाखालच्या चाकाच्या फोटोवर धरलं. "हा केस दिसतो? रंगात चिकटलेला? आता त्याच्या शेजारची ही चाकाची दांडी बघा. खरी दांडी माझ्या मांडीएवढी असते. मग हा केस कुणाचा, हत्तीचा?"

मी पाहिलं. केस दोरखंडाएवढा दिसत होता.

"आणि ही नळी." त्यांचं बोट सरकलं. "या खोबणीत डावीकडे जे आहे तेच उजवीकडे. वेगळी फक्त ही एक जाड नळी. खऱ्या ठेंगूत ती डाव्या भिंतीला होती. इथं उजव्या."

"फोटो उलटा छापला गेला असेल."

"तसं असतं तर चाकावरचा आकडाही उलटा दिसला असता. तो सुलटा आहे. उलटा फोटो छापला होता तो तुमच्या जुन्या पुस्तकात. आठवतंय?"

आठवत नव्हतं, पण ऐकून माहीत होतं. मी इथं संपादक म्हणून लागायच्या आधीची गोष्ट. ठेंगूवरच्या जुन्या छोट्या पुस्तकात याच खोबणीचा फोटो छापखान्यात उलटा लागला होता. मग चूक सांगणारी एक चिठ्ठी छापून प्रत्येक प्रतीत चिकटवली गेली. मॉडेलवाल्यांमध्ये तो किस्सा अजून हसून सांगतात.

"म्हणजे," डॉक्टर भिंग खिशात टाकत म्हणाले, "ज्यानं हे बनवलं, त्यानं विमान बघून नाही बनवलं. तुमचं जुनं पुस्तक बघून बनवलं. चुकीसकट. पण हात मात्र सोन्याचा हं. ही बारीक तार कशी वळवलीय बघा, कवळीची तार वळवावी तशी. कुठं चिमटल्याची खूण नाही."

एव्हाना मालक आपल्या खोलीतून बाहेर आले होते. मी छापलेल्या सुट्या पानांच्या गठ्ठ्यातून तेच पान त्यांना काढून दिलं. ते घेऊन मालक खिडकीशी गेले आणि बराच वेळ पाठमोरे उभे राहिले.

"शनिवारी क्लबची बैठक आहे," डॉक्टर म्हणाले. "मला तिथं सांगावं लागेल. लोक एकेका मॉडेलवर वर्ष-वर्ष घालवतात हो. तुमच्यावर विश्वास ठेवून."

डॉक्टर गेल्यावर मालक वळले. "शनिवारपर्यंत हे कुणी केलं ते शोधा. नाही कळलं तर मी क्लबात उभा राहून सांगणार की फोटोग्राफरनं आम्हाला फसवलं. पुस्तकावर नाव त्यांचं आहे."

"मालक, फोटोग्राफर माझे वडील आहेत."

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय, बाई," मालक म्हणाले.

२

बाबांनी आयुष्यात कधी फोटो काढण्याआधी पंखावरची चिमणीची शीटसुद्धा पुसली नव्हती. "आहे ते आहे," म्हणायचे. अशा माणसाला कुणी लबाड म्हणणार, तेही भर सभेत! पुस्तकांवरचं नाव एवढीच त्यांची काय ती कमाई. मी सुटी पानं भराभर फाइलमध्ये कोंबली आणि तडक आईबाबांकडे गेले.

दार आईनं उघडलं. "आज कशी काय? रविवार तर नाही." तिच्या आवाजात आनंदापेक्षा धसकाच जास्त वाटला. बोटांच्या टोकांना चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या.

"हे काय झालं?"

"खुर्चीचा पाय निखळला होता, तो चिकटवला. मेला तो गोंद, सालपटं निघाली बोटांची. कधीची भरतच नाहीयेत."

आईला स्वस्थ बसवत नाही. पूर्वी कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये कामाला होती, तेव्हापासून घरातलं मोडलेलं सगळं तीच सांधते. मी आत गेले. जेवणाच्या टेबलावर नवं मेणकापड होतं.

बाबा खिडकीपाशी त्यांच्या खुर्चीत बसले होते. आईनं त्यांचा हात धरून त्यात कप दिला. म्हातारपणी आईचे लाड भलतेच वाढलेत, असं मनात आलं. मी समोर बसले, तसे बाबा मान जराशी तिरकी करून माझ्या कानाच्या पलीकडे कुठंतरी बघत म्हणाले, "बोल."

हे त्यांचं नवीनच. हल्ली बोलताना तोंडाकडे बघतच नाहीत. मी ते रुसवा म्हणून धरून चालले होते. मागे त्यांच्या एका मजकुरावर मी लाल पेननं फार रेघोट्या मारल्या होत्या, त्याचा राग असेल म्हटलं.

"बाबा, ठेंगूच्या नाकाखालच्या चाकाचा फोटो तुम्हीच काढलात ना?"

"मग काय शेजाऱ्यानं काढला?"

मी फाइलमधून वरचं पान ओढून त्यांच्या हातात दिलं. "हाच?"

बाबांनी पान हातात घेतलं, लांब धरलं, जवळ आणलं. मग हळूच हसले. "हाच. पाठीवर झोपून काढलाय. खाली ओलं गवत होतं, सदरा खराब झाला. आत अंधार म्हणून तुझी आई दिवा धरून वाकली होती. विचार तिला."

"होय गं, होय," आई घाईनं म्हणाली. "किती प्रश्न विचारतेस त्यांना! चहा घे."

मी झालेलं सगळं सांगितलं. केस, नळी, शनिवार, मालक. आई उभी होती ती खाली बसली. बाबांचा चेहरा लाल झाला.

"मी खोटा फोटो दिला म्हणतात?"

"तुम्ही नाही हो. मध्ये कुणीतरी बदलला असणार. मी शोधते."

"शोध किंवा नको शोधू. शनिवारी मी स्वतः तिथं येतो. सगळ्यांसमोर उभा राहून शपथेवर सांगतो, फोटो माझा आहे."

"अहो, कशाला..." आई म्हणाली.

"का? माझी अब्रू रस्त्यावर पडलीय का?" बाबा ओरडले. त्यांना इतकं चिडलेलं मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

जिना उतरताना मला एकच नाव सुचत होतं. असलं मॉडेल बनवायची ताकद या शहरात फक्त एका माणसात होती. आणि तो माणूस बाबांचा सगळ्यात जुना मित्र होता.

३

त्यांना सगळे चिमटेकाका म्हणतात. सदऱ्याच्या खिशात कायम बारीक चिमटे, म्हणून. मॉडेलच्या सामानाचं दुकान आहे त्यांचं. छताला विमानं टांगलेली, काउंटरवर रंगाच्या इवल्या बाटल्या. मी गेले तेव्हा तीन-चार गिऱ्हाइकं होती. शहाण्या बाईनं थांबायला हवं होतं. मी थांबले नाही.

"काका, बाबांच्या पुस्तकात तुमचं खेळणं घुसडायचं काही कारण?"

त्यांच्या हातातली बाटली हातातच राहिली. "काय म्हणालीस?"

"बाबांचं नाव झालं ते इतकी वर्षं तुम्हाला खुपत होतं का? पुस्तकं त्यांच्या नावानं निघतात, मॉडेलं बनवता तुम्ही, आणि तुम्हाला कुणी विचारत नाही. म्हणून हा सूड?"

एक गिऱ्हाईक उगीचच रंगाच्या बाटल्या वाचायला लागलं. चिमटेकाकांनी बाटली खाली ठेवली, मागच्या फळीवरून आमचं नवं पुस्तक घेतलं आणि मला पान विचारलं. मी सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो फोटो पाहिला आणि त्यांचे खांदे पडले.

"नळी उजवीकडे आहे," ते म्हणाले.

"ते मलाही दिसतंय."

"तुला दिसतंय, पण कळत नाहीये. जुन्या पुस्तकातला उलटा फोटो पकडला कुणी होता, ठाऊक आहे? मी. भिंग लावून बघितलं, तर दारावरची बारीक अक्षरं उलटी दिसली, आणि तुमच्या मालकांना मी फोन केला. तुझ्या बाबांनी त्या दिवशी मला मिठी मारली होती. म्हणाले, तू होतास म्हणून वाचलो." त्यांनी पुस्तक मिटलं. "मी झोपेत बनवलं तरी ती नळी उजवीकडे बसवणार नाही, पोरी. आणि तुझ्या बापाच्या पुस्तकात खोटं घालायचं असतं, तर मी आधी माझे हात तोडले असते."

कान तापले होते. गिऱ्हाइकं आता उघड-उघड माझ्याकडेच बघत होती.

"काका, मी..."

"राहू दे. बापाची काळजी वाटली, तोंड सुटलं. तुझं तोंड सुटतंच." त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "पण डोकं वापर. ही चूक क्लबातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मग ज्याला ती माहीतच नाही, असा कोण आहे? ज्याच्याकडे जुनं पुस्तक आहे, पण त्यात ती चिठ्ठी नाही. आणि ज्यानं आमच्या गप्पा कधी ऐकल्या नाहीत. तो माणूस शोध. आता जा."

मी बाहेर पडले. रस्त्यावर ऊन होतं आणि मला कुणाच्याही नजरेला नजर द्यायची नव्हती.

४

कार्यालयात मांडणीवाली एकटीच होती. ही मुलगी फोटो आणि मजकूर पानावर बसवते. नवी आहे, हुशार आहे, आणि मी आले की कॉम्प्युटरच्या आड लपते. जुन्या पुस्तकाच्या आमच्याकडच्या प्रती मी कपाटातून काढून पाहिल्या. सगळ्यांत चिठ्ठी चिकटवलेली. एकही सुटलेली नाही.

"बस इथं," मी तिला म्हटलं. "ठेंगूचे फोटो तुझ्याकडे कसे आले?"

"काकूंनी आणून दिले, मॅडम. तुमच्या आईंनी."

"बाबांनी नाही?"

"नाही. हल्ली काकूच येतात. आणि..." तिनं कॉम्प्युटरकडे बघितलं.

"आणि काय? बोल ना, खात नाही मी."

तिच्या चेहऱ्यावरून तिला तशी खात्री दिसत नव्हती. "नाकाच्या चाकाचा फोटो पहिल्या खेपेला नव्हताच. त्याबद्दल काकूंनी सांगितलं, तो राहिलाय, मागून देते. खूप दिवसांनी दिला. बाकीचे सगळे फोटोही थोडे... म्हणजे बाहेरचे ठीक होते. बाहेर उजेडात कॅमेरा स्वतः नेम धरतो. पण आतल्या अंधारात हातानं धरावा लागतो ना. आतले बरेच पुसट होते. मी जमेल तेवढे सुधारले."

"पुसट? बाबांचे?" मी जवळजवळ हसलेच. "आणि हे तू मला सांगितलं नाहीस?"

मुलीनं नखं कुरतडली. "तुम्ही रागावता, मॅडम. मला वाटलं, मलाच नीट दिसत नसेल. इतक्या मोठ्या माणसाचे फोटो पुसट कसे म्हणू?"

मला सकाळपासून दुसऱ्यांदा माझ्या तोंडाबद्दल ऐकावं लागत होतं, आणि दोन्ही वेळा समोरचा माणूस खरं बोलत होता.

तेवढ्यात मालक आले. "हे पान तुम्ही माझ्याकडेच विसरलात, बाई," असं म्हणत त्यांनी एक कागद माझ्यापुढे धरला.

नाकाखालचं चाक. उजवीकडची नळी. सकाळी मी स्वतः त्यांना काढून दिलेलं, जे घेऊन ते खिडकीशी गेले होते, तेच पान.

"हे तुमच्याकडे होतं? सकाळपासून?"

"टेबलावरच होतं माझ्या."

मग मी बाबांच्या हातात काय दिलं होतं? मी फाइल उघडली. वरचं पान थोडं दुमडलेलं होतं, बाबांच्या अंगठ्याखाली दुमडलं होतं तसंच. त्यावर चाक नव्हतं. खोबण नव्हती. वैमानिकाची खुर्ची होती. पानभर, लालभडक पट्ट्यांसकट, भली मोठी खुर्ची.

आणि बाबा तिच्याकडे बघून म्हणाले होते, हाच, पाठीवर झोपून काढलाय.

मांडणीवाली म्हणाली, "मॅडम, पाणी देऊ?" मी नको म्हटलं. फाइल उचलली आणि निघाले.

५

आईनं पुन्हा दार उघडलं आणि माझं तोंड बघून काहीच विचारलं नाही. मी तिला स्वयंपाकघरात नेलं.

"जुनं पुस्तक कुठंय? बाबांची प्रत."

तिनं डब्यांच्या मागून काढून दिलं. बांधणी झाल्या-झाल्या पहिल्या प्रती लेखकाच्या घरी जातात. ही त्यातलीच. चिठ्ठी छापायच्या आधी घरी पोचलेली, म्हणून आत चिठ्ठी नव्हती. पानावर तो उलटा फोटो, नळी उजवीकडे. बाबांना चूक पाठ होती, त्यांना चिठ्ठीची गरजच नव्हती. आणि विमानांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून स्वयंपाकघरात जाणारी या घरात एकच व्यक्ती होती.

"तार तू वळवलीस," मी म्हटलं. "डॉक्टर सकाळीच म्हणाले होते, कवळीच्या तारेसारखी आहे. मी ऐकून सोडून दिलं. बोटं खुर्चीमुळे नाही सोलली तुझी."

आईनं मेणकापडाचं एक टोक उचललं. खाली टेबलावर राखाडी रंगाचे डाग होते. "निघता निघत नाहीत," ती म्हणाली.

"बाबांना किती दिसतं?"

"कडेचं दिसतं. मधलं नाही. बघायचं तिथंच नेमका डाग. घरात वावरतात, रस्ता ओलांडतात, कुणाला कळत नाही. पण तोंड ओळखू येत नाही, अक्षर दिसत नाही." ती हळू आवाजात भराभर बोलत होती, कधीपासून साठलेलं सांडावं तशी. "त्या खोबणीचे फोटो घरी आल्यावर मी बघितले. नुसता धूर गं. ते विचारत होते, कसे आलेत? मी म्हटलं, छान आलेत. दुसरं काय म्हणणार मी? मग म्हटलं, परत जाऊन काढू काहीतरी निमित्त करून. तर तोवर ते विमानच कापलं मेल्यांनी. मग मी बनवलं. त्यांच्याच कॅमेऱ्यानं फोटो काढला. एक फोटो, कुणाला कळणार, वाटलं."

"त्यांना माहीत नाही?"

"नाही. आणि तू सांगू नकोस. तुझ्या पाया पडते."

"आई, ते शनिवारी शपथ घेणार आहेत! सगळ्या लोकांसमोर! डॉक्टर त्यांच्या हातात भिंग देतील, मग काय करतील ते?"

आईनं पदर तोंडावर धरला. मी विचारलं ते मात्र आवाज चढवूनच विचारलं, सवयच तशी. "मला का नाही सांगितलंत? मी दर रविवारी येते!"

"येतेस ना," आई म्हणाली. "येतेस, प्रुफं काढतेस, लाल पेन घेऊन बसतेस. कुणी काय चुका केल्या ते सांगतेस, मांडणीवाली कशी आंधळी आहे ते सांगतेस. आंधळीच म्हणायचीस. ह्यांनी ते ऐकलं की दिवसभर बोलत नसत. म्हणायचे, तिला एवढ्यात कळू देऊ नकोस."

मी भिंतीला टेकले. खरंच म्हणायचे मी. याच घरात, याच टेबलाशी, त्यांच्यासमोर बसून.

"अगं, तसं काही नाही," दारातून बाबा म्हणाले.

कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे. चौकटीला हात लावून उभे होते. आई चटकन त्यांच्याकडे गेली, पण त्यांनी तिचा हात बाजूला केला. हळूच केला, तरी केला.

"धूर होता?" त्यांनी आईला विचारलं.

"अहो..."

"फोटोत. नुसता धूर?"

"हो."

बाबांनी मान तिरकी करून मेणकापडाकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "खोबणीचा रंग कुठला दिलास?"

"तुम्ही नेहमी सांगायचात तोच. पोपटी, त्यात थोडा राखाडी."

"आणि नळी उजवीकडे."

"पुस्तकात उजवीकडे होती. मला काय माहीत?"

बाबा हसले. आवाज हसण्याचाच होता, पण मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि खुर्ची चाचपत खाली बसले. "माझ्या नावावर खोटा फोटो," ते हातांआडून म्हणाले. "कुणीतरी वर्षभर खपेल आणि चुकीच्या बाजूला नळी बसवेल. माझ्यामुळे. मला कळत होतं गं, दिसत नाही ते. तरी गेलो. शेवटचं विमान, माझ्याशिवाय फोटो कोण काढणार, अशी मस्ती. चिमट्याला नेलं असतं बरोबर तर त्यानं काढला असता. पण मग त्याला सांगावं लागलं असतं."

"चिमटेकाकांना..." पण हे लपवून कसं चालणार होतं? "मी त्यांना बोलले, बाबा. तुम्हीच केलंत, असं मी त्यांना म्हणाले. दुकानात."

"लोकांसमोर?"

"हो."

"मग माफीही लोकांसमोरच माग. दुकान भरलेलं असेल तेव्हा जा."

"जाईन."

त्यांनी तोंडावरून हात काढले. डोळे ओले होते, तरी नेहमीसारखेच दिसत होते. कुणाला कळलं नसतं. मी तरी किती नीट बघितलं होतं त्या डोळ्यांकडे?

"डॉक्टरांना फोन करायचा," बाबा म्हणाले. "शनिवारपर्यंत कशाला थांबायचं? नंबर तू लाव. मला आकडे दिसत नाहीत."

इतकं साधं वाक्य. आजवर त्या घरात कुणी ते मोठ्यानं म्हटलं नव्हतं. मी नंबर लावताना दोनदा चुकले. फोन त्यांच्या हातात दिला. आई दाराशी उभी राहून चिकटपट्टी सोलत होती.

"डॉक्टर, मी बोलतोय. तुमचं बरोबर आहे. तो फोटो विमानाचा नाही. नाव माझं आहे, फोटो माझा नाही... नाही, मालकांचा दोष नाही. कुणाचाच नाही. माझे डोळे गेलेत, आणि ते सांगायची मला लाज वाटली. एवढीच गोष्ट आहे. शनिवारी येतो आणि सगळ्यांना हेच सांगतो... हो, ते पान काढून टाकायचं. कोरं राहिलं तरी चालेल."

पलीकडून डॉक्टर बराच वेळ काहीतरी बोलत राहिले. बाबा हं हं करत होते. मग डॉक्टरांनी काहीतरी विचारलं असावं, कारण बाबांनी मान तिरकी केली आणि चेहरा माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाच्या जरा पलीकडे वळवला. आणि मघापासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज खुलला.

"शोधलं ना, माझ्या मुलीनंच शोधलं," ते म्हणाले. "एका दिवसात. तिच्या नजरेतून काही सुटत नाही हो, डॉक्टर."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मान खाली घातली. मग लक्षात आलं, घातली काय नि नाही घातली काय, बाबांना ते दिसणारच नव्हतं.